चार हजारांत बसवलेला आवाज

मुक्काम गुवाहाटीच्या अलीकडचं एक अर्धवट गोडाऊन,
रॅकच्या तिसऱ्या मजल्यावरून

तीर्थस्वरूप दाजी हिरामण यांस,

आणि तुमच्या चुलतभावाने, चांगदेवभाऊंनी, मला किती पैसे दिले हे तुम्ही कशेळीच्या नाक्यापासून खारबावच्या स्टेशनापर्यंत सगळ्यांना विचारत सुटलाय, तर एकदा मलाच विचारायचं होतं. एक कटिंग आणि अर्धा वडापाव. अर्धा अशासाठी, की उरलेला अर्धा त्यांनीच खाल्ला. एवढ्यावर कोण आपल्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला विकतो? विकायचंच असतं तर मी निदान अख्खा वडापाव मागितला असता, सोबत तळलेली मिरची.

राहिलंच. शिरसाष्टांग नमस्कार. आपली तब्येत कशी आहे? कंबर? वैशालीताई आणि माझा भाचा भाविक खुशाल असतील. मावशी (म्हणजे आपल्या मातोश्री राहीबाई, ज्यांच्या एका फोनवरून हे सगळं झालं) तर खुशाल असणारच, त्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. माझं म्हणाल तर मी बरा आहे. भिवंडीत गोडाऊनं बघून मन भरलं नव्हतं म्हणून देवाने मला अडीच दिवस रेल्वेत बसवून आणखी गोडाऊनं दाखवायला इकडे आणलंय. लोखंडी रॅक जोडायचे, नट आवळायचे, वर चढायचं, खाली बघायचं नाही. आठवी नापास माणसाला एवढ्या उंचीवर कुणी बसवलं नव्हतं आजवर.

पत्र लिहितोय याचं कारण आपल्याला माहीत आहे. आपण मला फोनवर ब्लॉक केलंत, व्हॉट्सॲपवर केलंत, ताईच्या फोनवरून केलंत, आणि कुटुंबाच्या ग्रुपमधून काढून वर ‘चांगली माणसं ठेवू’ असं लिहिलंत (ते आईला कुणीतरी वाचून दाखवलं, ती दोन दिवस जेवली नाही, मग जेवली). पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही म्हणून हा मार्ग. आणि दुसरं कारण, पत्रात तुम्हाला मधे बोलता येत नाही.

तर मुळापासून सांगतो, कारण कशेळीत जी गोष्ट फिरतेय तिच्यात मीच सगळ्याचा सूत्रधार आहे आणि तुम्ही भोळे आहात. दाजी, आपल्या दोन घरांत फरक एवढाच, की तुमची जमीन हायवेला लागली आणि आमची ओढ्याला लागली. बाकी भात दोघांकडे तोच होता. तुमच्या भातावर गोडाऊन उभं राहिलं, मग दुसरं राहिलं, आणि भाड्याच्या पैशाने तुमच्या कंबरेला न झेपणारी ती टूरिंग मोटरसायकल आली. दुसऱ्या हाताची, पण मान असा की गल्लीत वळवायची तर चौघांनी धरायची. देशभर फिरायला बनवलेली गाडी! पुढे वारा अडवणारं कवच, मागे दोन बाजूंना सामानाच्या पेट्या, कवचात कंपनीचे दोन छोटे स्पीकर. तिच्यावर बसून तुम्ही एकदा वाड्याला गेलात आणि येताना टेम्पोतून आलात. ती टेम्पोत आडवी आणि तुम्ही तिच्याशेजारी उभे, कारण बसता येत नव्हतं. पण फोटो वाड्याचा नाही, कुठल्याशा बर्फाच्या डोंगराचा लावलात. मी त्यालाही लाइक दिला.

मग एक दिवस मला बोलावून म्हणालात, “दीपेश, गाडी पळाली की वाऱ्यात गाणं ऐकू येत नाही. आवाज वाढव.” मी मान हलवली. पण दाजी, आता दोन हजार किलोमीटर लांबून विचारतो, वारा कुठला? कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये कंटेनरच्या मागे पहिल्या गिअरमध्ये पाय टेकत जाणाऱ्या माणसाला वारा कुठे लागतो? तुम्हाला गाणं ऐकू येत होतं. बाकीच्यांना येत नव्हतं, हे तुमचं दुखणं होतं.

ठाण्याच्या दुकानदाराने सत्तर हजार सांगितले. त्याने सांगितलेली यादी बरोबर होती: पाण्यात भिजले तरी चालणारे स्पीकर, छोटा पण ताकदीचा अँप्लिफायर, पेटीच्या झाकणात बसणारे तयार साचे, जाड वायर, वेगळा फ्यूज. तुम्ही ती यादी घडी करून खिशात टाकलीत आणि मला म्हणालात, “हे लुटारू आहेत. तू चार महिने लूमवर होतास, सहा महिने पार्सलच्या गोडाऊनला होतास, दोन सीझन मनोजच्या साऊंडला वायरी ओढल्यास, तुला सगळं येतं.” (नोकऱ्या टिकत नाहीत म्हणून एरवी मला तुमच्या ओट्यावर ऐकवता, त्या दिवशी त्याच माझं शिक्षण झाल्या.) आणि हातावर चार हजार ठेवलेत. त्यातली एक पाचशेची नोट टेपने चिकटवलेली. वाढदिवसाच्या बॅनरला तुम्ही बावीस हजार दिले होते. त्यात गॉगल तुमचा, मिशी तुमची आणि पोट दुसऱ्याचं होतं. त्या बॅनरला आवाजही नव्हता.

वर दोन अटी. एक, आवाज गेटपासून मागच्या कुंपणापर्यंत गेला पाहिजे. दोन, आणि ही नीट आठवा, “चावी काढली तरी गाणं बंद पडता कामा नये. उतरून लोकांशी बोलत असताना मागे वाजत राहिलं पाहिजे.” मी म्हटलं, मग अँप्लिफायर सरळ बॅटरीला जोडावा लागेल, मधे बटण टाकतो, शंभर रुपये. तुम्ही म्हणालात, शंभर कशाला, सरळच जोड.

जोडला.

आता चार हजारांत मी काय काय केलं ते ऐका, कारण कौतुक तर कुणी केलंच नाही. स्पीकर मनोजकडून घेतले. हाच आपला मनोज, कशेळीचा साऊंडवाला, ज्याच्याबद्दल मला पुढे बरंच लिहायचंय. त्याने दोन स्पीकर ‘नव्यासारखे’ म्हणून बाराशेला दिले. उघडून बघितलं तर आत हळद. दाजी, पिवळी हळद! चाळीस लग्नांच्या हळदी गाऊन निवृत्त झालेले स्पीकर होते ते, आवाज कमी करणं त्यांना माहीतच नव्हतं. दोन भोंगे एका रिक्षाचे, मालकाने बायकोच्या सांगण्यावरून काढलेले. अँप्लिफायर कामतघरच्या भंगारवाल्याकडून, ठोकलेल्या गाडीतला. तो म्हणाला, “ले जा भाई, चला तो दुआ देना, नहीं चला तो इधर मत आना.” चालला, दुआ दिली. वायर साऊंडचीच जुनी. पेटीत स्पीकर बसवले की आतून पत्रा थरथरतो, म्हणून परत आलेल्या पार्सलांचा फोम आणून चारी बाजूंनी चिकटवला. पावसासाठी भोंग्यांवर बायका अंघोळीला घालतात त्या प्लास्टिकच्या टोप्या. (तुम्ही त्यांना ‘इंपोर्टेड कव्हर’ सांगत होतात, मी ऐकलं.) पेट्यांत सामानाला जागा उरली नाही, पण तुमचं सामान म्हणजे मलमाची ट्यूब, ती खिशात मावते.

राहिला ब्लूटूथचा बोर्ड. चांगला सोळाशेला होता. मी साडेचारशेचा घेतला. त्याचं गाणं स्वच्छ, पण त्याला एक खोड, की फोन आला की तिसऱ्या रिंगला तो स्वतःच उचलतो. कुणाला विचारत नाही.

आठ दिवस मी तुमच्या शेडमध्ये त्या गाडीखाली होतो. भाविक रोज संध्याकाळी माझ्या मांडीवर. दात येत होते त्याचे, दिवसभर रडून ताईचं डोकं उठवायचा, पण स्पीकरचा खालचा सूर धुम्म झाला की रडणं थांबवून माझ्या शर्टाचं बटण धरायचा आणि पुढच्या धुम्मची वाट बघायचा. पोराला कान आहे. मावशीही यायच्या, पदर तोंडाला लावून उभ्या राहायच्या. एकदा म्हणाल्या, “आवाज बेस हाय रं दीपेश. आमच्या हिरामनला माजा फोन कदी ऐकूच येत न्हाय बग. बोंबलून बोंबलून नरडं सुकतं माजं.” मी म्हटलं, मावशी, आता येईल.

मग तुमच्या तिसऱ्या गोडाऊनची पूजा. जमीन सामाईक, सातबाऱ्यावर तुमच्या नावाखाली चांगदेवभाऊ, तुमच्या सख्ख्या काकांचे चिरंजीव, अर्ध्याचे मालक. दोन गोडाऊनांचं भाडं तीन वर्षं तुमच्याच हातात येतं आणि अर्धं त्यांना जातं, हे सगळ्या गावाला माहीत. अर्धं कशाचं, ते फक्त दोघांना माहीत होतं: तुम्हाला आणि तुमच्या आईला. मावशींचा पाय दुखत होता म्हणून त्या घरी राहिल्या. इथून पुढे देवाची इच्छा.

सगळे जमलेले. कंपनीची टाय घातलेली माणसं, भटजी, भाऊबंद, बायका. चांगदेवभाऊ मांडवाच्या खांबाला टेकून. तुम्ही पांढरा कडक कुर्ता घालून गेटातून आत आलात, गाडीवर, ताशी पाच किलोमीटर, आणि गाणं असं वाजत होतं की पत्र्यावरची कबुतरं खारबावला गेली. माझी छाती भरून आली, खोटं नाही सांगत. टायवाला एकजण शिट्टी वाजवून म्हणाला, “क्या सिस्टीम है!” तुम्ही त्याच्यासमोर गाडी लावलीत, उतरलात, चावी खिशात टाकलीत, आणि गाणं ठरल्याप्रमाणे चालू राहिलं. इथपर्यंत सगळं तुमच्या मनासारखं झालं, हे लिहून ठेवा.

मग गाणं थांबलं. एक रिंग. दोन. तीन.

“हिरामन! आरं आयकतोस का?” (अख्खं गोडाऊन ऐकत होतं.) “त्या चांगदेवसमोर भाड्याचा कागद काडू नको रं! त्याला फुटाला बाराच सांगलेत आपन. आठरा म्हनून कुनाच्या तोंडातनं निगाया नको!”

भटजींचा हात पळीसकट वर राहिला. तुम्ही गाडीवर झडप घातलीत आणि आवाजाचं बटण फिरवलंत. ते मी उलटं बसवलं होतं, मान्य आहे, दहा रुपयांत सुलटं मिळत नाही. म्हणून पुढचं वाक्य जरा मोठ्याने आलं: “तीन वर्सं झाकलंय, आता आज उघडं पाडू नको! आन आतली बनियान बदललीस का?” तुम्ही हॉर्न दाबलात. हॉर्न वाजला. चावी शोधलीत, लावलीत, काढलीत, परत लावलीत. चावीने काही होणार नव्हतं, ती तुमचीच अट. फोन पुढच्या कप्प्यात चार्जिंगला, त्या कप्प्याला तीच चावी लागते, पण घाबरलेल्या माणसाला तेवढं कुठून सुचणार? तुम्ही त्याला बुक्क्या मारत होतात. तेवढ्यात चांगदेवभाऊ शांतपणे चालत आले, खाली वाकले, कवचातल्या माइकला तोंड लावून तुमच्यासारखा आवाज काढून म्हणाले, “आये, किती म्हनलीस? हिकडं गाना लागलंय, नीट ऐकू न्हाय आलं.” (गाणं केव्हाच थांबलं होतं.) आणि मावशींना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी परत बोलायला सांगितलं, त्या कशाला सोडतील! पहिल्यापासून सगळं सांगितलं, सावकाश, आकड्यांसकट. शेवटी माझंही नाव आलं: “आन त्या दीपेसला मजुरी दे रं, आट दिस राबलाय पोरगा.” (ती अजून आलेली नाही.)

आता तुमचा आरोप असा, की मी चांगदेवभाऊंशी मिळून हे घडवलं. दाजी, मी वायर जोडली. बारा तुम्ही जोडले, अठरा तुम्ही लपवले. माझ्या स्पीकरमधून जे बाहेर आलं ते आत होतं म्हणून आलं, मी त्यात एक शब्द घातला नाही. लोक म्हणतात, तीन वर्षांचे, लपवलेल्या सहाचे अर्धे, फुटामागे तीन रुपये आता तुम्हाला चांगदेवभाऊंना मोजून द्यावे लागतायत, तर त्यात माझा काही हिस्सा असेल. असता तर मी गुवाहाटीत नट आवळत बसलो असतो का? तुम्ही त्याच दिवशी म्हणालात, “परत या दारात दिसू नको.” मी दिसलो नाही. एवढा लांब आलो की दुर्बिणीतूनही दिसणार नाही.

पण त्यानंतर जे ऐकलं, त्यामुळे पेन हातात घेतलं. वीस तारखेला भाविकचं जावळ आहे. एकवीरेला नारळ नंतर, केस घरीच. आणि तुम्ही सगळ्यांना सांगितलंय की दीपेश मामा मेला आपल्याला, पोराला मानलेल्या मामाच्या मांडीवर बसवू. मानलेला मामा कोण? तर मनोज! दाजी, जरा विचार करा. ज्या स्पीकरमधून मावशी बोलल्या ते कुणाचे? मनोजचे. ‘नव्यासारखे’ म्हणून कुणी विकले? मनोजने. मग हद्दपारी मला आणि मांडी मनोजला, हा कुठला न्याय? आणि मांडी तरी कसली ती! दोन मिनिटं एका जागी राहत नाही, गाणं नसलं तरी हलते. त्या मांडीवर बसलेल्या पोराच्या डोक्याजवळ वस्तरा आणायचा, विचार करूनच माझे हात थंड पडतात. मी तिसऱ्या मजल्यावर आहे, मला हात थंड पडून चालत नाहीत.

भांडण माझ्याशी आहे, माझ्याशी करा. मजुरी नका देऊ. बॅनरवर माझा फोटो नका टाकू (कधीच टाकला नव्हता). पण ताईला भाऊ एकच आहे, आणि पोराला मामा त्यामुळे एकच. तो साऊंडवाल्याकडून भाड्याने आणता येत नाही.

मावशींना आणि वैशालीताईला नमस्कार, भाविकला पापा, कंबरेला शेक द्या.

आपला (नको असलो तरी)
मेहुणा दीपेश

ता. क. एक गोष्ट खरी सांगून टाकतो, नाहीतर वस्तऱ्याच्या वेळी मनात राहील. बोर्ड स्वतःहून फोन उचलतो हे मला पूजेच्या आदल्या दिवशी कळलं होतं. सगळ्यांना सांगितलं की माहीत नव्हतं. माहीत होतं. ते बंद करायला अख्खं कवच खोलावं लागणार होतं, आणि कशासाठी ते न सांगता आणखी तीनशे मागितले तेव्हा तुम्ही म्हणालात, “आता एक रुपया नाही.” मग मी विचार केला, पूजेच्या वेळी यांना फोन कोण करणार? आणि एकच माणूस आठवला. आणि तरी झोपायला गेलो.

ता. क. २. चांगदेवभाऊंनी अर्ध्या वडापावापलीकडे काही दिलं नाही असं वर लिहिलंय, ते लिहिलं तेव्हा बरोबर होतं. काल त्यांनी रेल्वेचं तिकीट काढून पाठवलं. मी नको म्हणणार होतो, पण नाव तर तुम्ही जोडलंच आहे, निदान बसायला जागा मिळू दे. एकोणीसला कल्याणला उतरतो. मावशींच्या फोनवर मला ब्लॉक करायला तुम्ही विसरलात, त्यामुळे मनोजचं, तारखेचं, सगळं मला त्यांनीच कळवलं. त्या म्हणाल्या, “तू ये रं, दारात मी हाय.” तर दाजी, दार आता तुमच्या हातात नाही, पण चेहरा आहे. मी आत आलो तर तेवढा वळवू नका. पोर सगळं बघत असतं.

ता. क. ३. नुकसानीचे म्हणून तुम्ही जे पैसे मागितलेत ते माझ्याकडे नाहीत आणि असते तरी नसते. पण जावळात न्हाव्याचे पैसे मामाचे असतात, आणि त्याशिवाय वस्तरा उघडत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. ते मनोजच्या खिशातून जायच्या आधी मी काल अनंता न्हाव्याच्या फोनवर टाकले. त्याने घेतले, फोनच देवापुढे ठेवला, आणि उलट फोन करून म्हणाला, “पैसे तुजे घेतले, आता दुसऱ्या मांडीवरचं डोकं मी भिजवनार पन न्हाय.” तर पाठवले ते एवढेच, मोजून घ्या: रुपये पाचशे एक.